आत काही विसरलात का?

आमच्या घराला दार एक, कुलूप एक आणि चावीही एकच. ती चावी माझ्या सासऱ्यांच्या कमरेला असते. लग्न होऊन मी या घरात आले, पोरगी झाली, ती शाळेत जायला लागली, पण मला काही अजून चावी मिळाली नव्हती. बाहेरून आलं की बेल वाजवायची. मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज, मग त्यांच्या गुडघ्यांची कुरकुर, मग चपला फरफटत येणार. दार वीतभर उघडणार आणि त्या फटीतून पहिला प्रश्न येणार, "पिशवीत काय?"

मी पहिल्यांदा भाजी घेऊन आले तेव्हाही हेच विचारलं होतं. मला वाटलं, थट्टा असेल. थट्टा नव्हती. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवून घेतली, टोमॅटो बाजूला केले, खाली हात घातला, वर पाहिलं आणि माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवून म्हणाले, "जा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा मागे उभा राहून स्वतःच्या डब्याचं झाकण उघडत होता, जसं काही सगळ्या जगात लोक घरी असेच शिरतात.

सासऱ्यांनी सगळी नोकरी पितळी नळांच्या कारखान्याच्या फाटकावर काढली. पाळी सुटली की कामगारांची रांग लागायची आणि हे एकेकाची झडती घ्यायचे. डब्यात नळ, मोज्यात नळ, एकदा तर एकानं डोक्याला फेट्यासारखं फडकं गुंडाळलं होतं आणि आत चार तोट्या. गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखत नाही, सगळे 'झडतीवाले' म्हणतात. मागून म्हणतात. समोर म्हणायची छाती कुणाची नाही.

पण त्यांची एक पद्धत होती, ती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. फाटकाच्या अलीकडे जमिनीवर एक पांढरा पट्टा मारलेला होता. पट्ट्यापाशी माणूस आला की ते आधी अंगाला हात लावायचे नाहीत. नुसतं विचारायचे, "आत काही विसरलात का?" ज्याच्या अंगावर चोरीचा माल असेल त्याला ती शेवटची संधी. तो म्हणायचा, "हो हो, छत्री राहिली," आणि मागे फिरून नळ होता तिथे ठेवून यायचा. मग त्याचं नाव कुठे जायचं नाही, कुणी विचारायचं नाही. जो "नाही" म्हणून पट्टा ओलांडायचा आणि पुढे सापडायचा, त्याची मात्र खैर नव्हती. साहेबाचा मेहुणा असला तरी नाही.

"पिशवी बघायची नसते," ते मला एकदा जेवताना म्हणाले होते. "माणूस बघायचा. ज्यानं लपवलंय त्याचा हात सारखा त्या जागेकडे जातो. राहवतच नाही त्याला."

तेव्हा मी नुसती मान हलवली होती. नंतर हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं, कारण आम्हीच काहीतरी लपवत होतो.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या कंपनीनं त्याला फ्रान्सला जाशील का विचारलं होतं, बायको-मुलीसकट, आणि हा हो म्हणून बसला होता. मीही हो म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू? बेल न वाजवता ज्या घरात शिरता येईल असं घर मला हवंच होतं. प्रश्न एवढाच होता की हे म्हाताऱ्या माणसांना सांगायचं कुणी. त्यांना दुसरं मूल नाही. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, सासूबाईंना एका कानानं कमी ऐकू येतं, आणि आम्ही निघालो साता समुद्रापलीकडे. नवरा रोज म्हणायचा, "आज सांगतो." रोज जेवण व्हायचं, हात धुवायचा आणि मूग गिळून झोपायला जायचा.

मग एके दिवशी त्यानं शक्कल काढली. शहरात फ्रेंच संस्कृतीचा महोत्सव भरणार होता. त्याला वाटलं, सगळ्यांना घेऊन जाऊ. बाबांनी तिथलं खाल्लं, गाणं ऐकलं, चार हसरी माणसं पाहिली की त्यांच्या मनातली अढी जाईल, मग तिथेच गवतावर बसून सांगून टाकू.

"हात दाखवून अवलक्षण करतोयस," मी म्हटलं.

"तुला माझे बाबा कळलेलेच नाहीत," तो म्हणाला. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशातला प्रकार.

त्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी पासेस हातात घेऊन उलटेपालटे केले, उजेडात धरले, वास घेतला.

"फुकट मिळाले?"

"हो, ऑफिसातून," नवरा म्हणाला. पैसे देऊन आणले होते.

"फुकट का देतायत? त्यांना काय हवंय आपल्याकडून?"

"बाबा, काही नकोय. बघायला बोलावतायत."

"बघायला कुणी फुकट बोलावत नाही," असं म्हणून त्यांनी जुना कोट चढवला. एवढ्या उकाड्यात कोट! मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या नेमक्या त्याच वेळी केसांना पिना लावण्यात गुंतल्या. एरवी त्या तयार व्हायला लागल्या की जगाच्या खबरी सांगतात, पण आज चिडीचूप. मला तेही आवडलं नाही.

निघताना दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि सासरे नवऱ्याकडे वळले. "आत काही विसरलास का?"

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "न... नाही. छत्रीसुद्धा घेतलीय."

"बरं," म्हणाले आणि जिना उतरू लागले. उतरताना त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि परत आला. मी ते पाहिलं, पण त्या वेळी माझं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे होतं.

महोत्सव एका शाळेच्या मोठ्या पटांगणात होता. फाटकाशी गणवेशातला पहारेकरी लोकांच्या पिशव्यांवरून नुसती नजर फिरवून आत सोडत होता. सासरे थांबलेच. आपली पिशवी त्यांनी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. "हात घाल," म्हणाले. "तळाशी बघ. रुमालाखाली बघ." पहारेकऱ्यानं कंटाळत हात घातला. मागे रांग खोळंबली. नवरा जमीन दुभंगण्याची वाट बघत उभा राहिला.

आत निळ्या-पांढऱ्या-लाल पताका, एका कोपऱ्यात अकॉर्डियन वाजवणारा, लांबच लांब पावांच्या टोपल्या. एका टेबलावर चीजचे तुकडे चाखायला ठेवले होते. सासूबाईंनी एक नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. "हे बिघडलंय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. ऐकू कमी येत असल्यानं त्यांचं कुजबुजणंही चार टेबलं ऐकतात. "बिघडलेलं फुकट वाटतायत, म्हणूनच पास फुकट." सासऱ्यांनी मात्र तो तुकडा सावकाश चावून खाल्ला आणि टेबलामागच्या माणसाला विचारलं, "हे तिथे रोज खातात? जेवायला दुसरं काही मिळतं ना?"

मी नवऱ्याला चिमटा काढला. "हे का विचारतायत?"

"सहज," नवरा म्हणाला, पण त्याचाही आवाज खोल गेला होता.

सहज! माझे सासरे आयुष्यात सहज काही विचारत नाहीत. पुढे एका मांडवात तिथल्या गावांचे फोटो लावले होते. बर्फातली घरं, बर्फातला रस्ता. तिथल्या बाईला त्यांनी विचारलं, "एवढी थंडी लहान मुलांना सोसते का?" ती म्हणाली, "सोसते, आजोबा, सवय होते." ते बराच वेळ त्या फोटोसमोर उभे राहिले. हात परत कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. या वेळी मी नीट पाहिलं. छातीत दुखतंय की काय अशी शंका आली. मग दुसरी शंका आली, की त्यांना काहीतरी सापडलंय, नवऱ्याचं एखादं कागदपत्र वगैरे, आणि ते खिशात घालून आले आहेत, वेळ आली की सर्वांसमोर टेबलावर आपटतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला त्या पटांगणातला प्रत्येक माणूस आमच्याकडेच बघतोय असं वाटायला लागलं.

तेवढ्यात तोंडाला पांढरा रंग फासलेला एक मूकनट सासऱ्यांच्या मागे लागला. ते डावीकडे मान वळवून संशयानं बघत, तोही तसाच बघे. ते गुडघा चोळत, तोही चोळे. लोक हसायला लागले. सासरे गर्रकन वळले. नटानं घाबरल्यासारखं करून दोन्ही हात वर केले. सासऱ्यांनी अजिबात न हसता त्याचे खिसे, बाह्या, पायमोजे चाचपले, अगदी रीतसर, आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून म्हणाले, "जा." सगळीकडून टाळ्या पडल्या. मलाही हसू आलं. त्या दिवसातला तेवढाच एक क्षण मी भीती विसरले होते.

आणि तिथेच घात झाला. आमची पोरगी, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही, हात सोडवून लहान मुलांच्या मांडवात घुसली. तिथे कागदी कोंबडा रंगवायला देत होते. मांडवातल्या बाईनं मुलांना फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. बाकीची मुलं बोटं चोखत उभी. आमची भिंगरी पुढे झाली आणि घडाघडा बोलली. नाव सांगितलं, वय सांगितलं, मला लाल रंग आवडतो असं सांगितलं, आणि वर आभाराचं "मेर्सी" म्हणून वाकून दाखवलं.

आम्ही दोघं रोज खोलीचं दार लावून फोनवर फ्रेंच शिकत होतो. पोरगी शेजारी खेळत असायची. तिला सांगितलं होतं, हा गुपित खेळ आहे, दार उघडलं की खेळ बंद. बिचारीनं शब्द पाळला होता. पण इथे दार कुठे होतं? आम्हीच तिला धरून या पटांगणात आणलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं आणि भांडंच वाजलं.

बाईनं कौतुकानं विचारलं, "कुठल्या शाळेत शिकते? केवढे छान उच्चार आहेत!"

सासूबाई एकदम कोंबड्याच्या चित्राकडे वळल्या. नवरा म्हणाला, "टीव्हीवर बघते." सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी त्यांना रागावलेलं खूपदा पाहिलंय, ते बरं असतं, कळतं तरी. हे नुसतं बघणं होतं. मग त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला लाल फुगा घेऊन दिला.

आम्ही झाडाखालच्या बाकावर खायला बसलो. पातळ धिरड्यासारखा, आत चॉकलेट घातलेला गोड पदार्थ होता. कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता, फक्त भिंगरीच्या गालापर्यंत चॉकलेट माखलं होतं. नवऱ्यानं ठरवलेली जागा हीच, वेळ हीच. मी त्याला कोपरानं ढोसलं.

सासऱ्यांनी रुमालाला हात पुसले. "आज इतका खर्च केलास," ते म्हणाले. "काही सांगायचं विसरलास का?"

याहून सरळ दार कुणी कुणाला उघडून देतं का? नवरा द्रोणाकडे बघत म्हणाला, "नाही, बाबा. सहज म्हटलं, सगळ्यांनी मिळून बाहेर पडावं."

मला त्याचा असा राग आला की हातातला द्रोण चुरगळला. पाणी आणायच्या निमित्तानं त्याला बाजूला घेऊन गेले. "त्यांना कळलंय," मी म्हटलं.

"कळलं असतं तर ओरडले असते."

"ते संधी देतायत तुला. आयुष्यभर हेच केलंय त्यांनी."

"आज नको," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "मला त्यांचा चेहरा बघवणार नाही. विमानात बसलो की फोन करेन." मोठा झालेला, लिफ्टच्या काळोख्या खड्ड्यात एकटा उतरणारा माणूस, आणि बापासमोर असा. राग तर होताच, पण त्याची कीवही आली. फोन करणार म्हणे. म्हातारा मग उरलेलं आयुष्य काय समजत बसेल? की पोटचा पोरगा चोरासारखा निघून गेला, आणि तोही त्याच्या डोळ्यांदेखत, ज्याच्या फाटकातून एक तोटी कधी बाहेर गेली नाही.

उन्हं उतरली तसे आम्ही निघालो. बाहेर पडायच्या फाटकाशी दोरी बांधून रांग केली होती. सासूबाई भिंगरीला घेऊन पुढे झाल्या. दोरीपाशी आल्यावर सासरे थांबले. गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाले, आणि मला एकदम दिसलं की ते फाटकावर कसे उभे राहत असतील. ते मुलाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आत काही विसरलास का?"

घरच्या दारात विचारलं होतं, बाकावर विचारलं होतं. आता पट्टा आला होता.

"नाही, बाबा," नवरा म्हणाला आणि खाली मान घालून दोरी ओलांडून गेला.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ते वळले आणि माझ्याकडे बघून, फक्त सवयीनं म्हणून, म्हणाले, "तू?"

"हो," मी म्हटलं. "मी विसरलेय."

आणि मी मागे फिरले. रांगेतल्या लोकांना ढकलत पुन्हा त्या झाडाखालच्या बाकापाशी गेले. मागून चपला फरफटत आल्या. ते माझ्या शेजारी बसले, समोर बघत, माझ्याकडे नाही. मी सगळं सांगितलं. कंपनी, नोकरी, तिघांचं जाणं, कधी निघायचं ते. पासेसचे पैसे दिले होते तेही सांगितलं. "आणि बाबा," मी म्हटलं, "मी जाणार म्हणून मला आनंद झालाय. तेही मी लपवत होते."

त्यांनी गुडघा चोळला. मला वाटलं, आता फुटणार.

"तुझा नवरा किती दिवसांत माझ्याशी भांडला नाही, आठवतंय?" ते म्हणाले. "एरवी पंख्यावरून भांडतो. फाटकाकडे न बघणारा कामगार एकाएकी सलाम ठोकायला लागला की समजायचं, गडी नोकरी सोडून चालला. मला केव्हाच कळलं होतं. कुठे, ते हे फ्रेंच पास बघून कळलं. तुझ्या सासूलाही मी सांगितलं होतं, गप्प राहा, पोरगा स्वतः सांगेल."

म्हणजे दिवसभर आम्ही चौघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत, फुकटचा पाव खात हिंडत होतो.

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडून कुणी थांबतं का?" असं म्हणून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. सकाळपासून ज्या खिशाकडे हात जात होता, त्याच. आतून त्यांनी एक चावी काढली. कोरी, पिवळी धमक, कानस लावल्याच्या खुणा अजून तशाच. आमच्या दाराची दुसरी चावी.

"तिकडून याल तेव्हा वेळेचा काही भरवसा नसतो म्हणतात. अवेळी याल. दाराशी ताटकळत कशाला उभं राहायचं?" त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटली. "जो सांगेल त्याला द्यायची ठरवली होती."

इतकी वर्षं जी हवी होती ती हातात होती, आणि आता मला ती नकोशी झाली. मी रडले. मला लाज वाटली नाही.

नवरा परत आत येऊन समोर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असावं. चावी पाहून त्यानं हात पुढे केला. सासऱ्यांनी तो हात हळूच बाजूला केला.

"ही हिची," ते म्हणाले. "तू पट्टा ओलांडलास. तू बेल वाजवायची."

घरी आल्यावर कुलपात मी चावी घातली. नवी असल्यानं जरा अडली, मग फिरली. सासूबाई आत गेल्या, भिंगरी फुग्यासकट आत गेली, सासरे खुर्चीत टेकले आणि त्यांनी दोन्ही गुडघे धरले. नवरा मात्र जिन्यातच थांबला. मी दार उघडंच धरलं होतं. त्यानं माझ्या हातातून ते हळूच ओढून घेतलं आणि बाहेरून लावलं.

बेल वाजली.

मी उघडायला पुढे झाले तर सासऱ्यांनी हातानंच मला थांबवलं. खुर्ची सरकली. ते उठले, भिंतीला धरून, चपला फरफटत दारापर्यंत गेले. त्यांनी दार वीतभर उघडलं.

"पिशवीत काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा," बाहेरून आवाज आला. "मीच आहे."

त्यांनी दार सताड उघडलं.